चार इमारतींवर एकच गवंडी

"आज पण मासाच?" डब्याचं झाकण उचलून एल्बर्ट म्हणाला.

"नाही, राजेसाहेबांसाठी टर्की भाजायला टाकलीय," त्याची बायको वर्लीन म्हणाली. "मुकाट्यानं घे आणि नीघ. बस चुकली की माझ्या नावानं शंख करशील."

खिडकीपाशी खुर्चीत म्हातारा क्लीटस मॅबरी गोधडी पांघरून बसला होता. समोर मक्याच्या कण्यांची वाटी तशीच निवत पडलेली. खोकल्याची उबळ ओसरली तसा तो म्हणाला, "कुठल्या भिंतीवर आहेस रे सध्या?"

"हॉस्पिटलच्या, बाबा."

"परवा लायब्ररी म्हणालास."

"दोन्हीकडं आहे काम."

"आमच्या वेळी गवंडी एका भिंतीला लागला की ती पुरी करूनच उठायचा."

"आता पद्धत बदलली, बाबा."

"असेल बुवा. मग एखादी दाखव की मला. डोळे आहेत तोवर दाखव."

"परांची उतरू दे, मग गाडी करून नेतो."

"वर्षं झाली, याची परांचीच उतरतेय!" वर्लीन करवादली. "अरे, बापाला एक भिंत दाखवायला तुझं काय जातं?"

एल्बर्टनं डबा काखेत मारला आणि तो जिना उतरला.

मी ओनिटा. मॅबरींच्या शेजारची. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळं त्यांच्याकडं कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं. शिवाय मी स्वयंपाकघरात बायकांचे केस सरळ करून देते, आणि माणसाचं डोकं हातात आलं की त्याच्या पोटातलं ओठावर यायला फार वेळ लागत नाही. जे मी पाहिलं नाही ते एल्बर्टनं नंतर मला स्वतः सांगितलं. म्हणून ही गोष्ट मला अथपासून इतिपर्यंत ठाऊक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

क्लीटस अलाबामातला गवंडी. तिकडं त्यानं चर्चं बांधली, शाळा बांधल्या, गोऱ्यांच्या कोर्टाच्या पायऱ्याही बांधल्या. त्या कोर्टात पुढच्या दारानं शिरायची त्याला बंदी होती, ती गोष्ट वेगळी. तरणाबांड असताना बायकोला घेऊन तो पिट्सबर्गला आला, कारण इकडं माणसाच्या हाताला मोल आहे असं कुणीतरी पत्रातून कळवलं होतं. गवंड्यांच्या युनियनच्या दारात गेला. तिथल्या माणसानं विचारलं, "बाप युनियनमध्ये होता का? काका? सासरा?" कुणीच नव्हतं. असणार कुठून? आमच्या बापांना कधी आत घेतलं होतं? युनियनचं कार्ड नाही म्हणजे थापी हातात धरायची नाही. बापाचं कार्ड मुलाला, काकाचं पुतण्याला. घरच्या घरीच वतन चालायचं. जन्मभर मग क्लीटसनं घमेली वाहिली. ज्यांना ओळंबा सरळ धरता येत नव्हता ती पोरं वरून ओरडायची, "ए क्लीटस, माल आण!" आणि हा कालवलेला सिमेंट-वाळूचा माल वर न्यायचा. त्या सिमेंटच्या धुळीनंच त्याची छाती खाल्ली.

पण पोराला त्यानं शिकवलं. परसात रविवारी प्रार्थनेनंतर दोघं भिंत बांधायचे. ओला माल खरवडून विटा धुवायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीच भिंत. आम्ही हसायचो. "काय क्लीटस, राजवाडा कधी पुरा होणार?" तो म्हणायचा, "पोराचा हात पुरा झाला की."

पुढं आमच्या लोकांनी बांधकामांच्या फाटकांवर बसकण मारली. काठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. तेव्हा कुठं नियम निघाला की सरकारी पैशानं जी इमारत उभी राहील तिच्यावर काळे कारागीर कामाला असलेच पाहिजेत, आणि तपासनीस येऊन ते बघून जाईल. त्या दिवशी आमच्या गल्लीत लोक नाचले हो! क्लीटस तर लहान मुलासारखा रडला. एल्बर्टला एका मोठ्या कंत्राटदारानं शिकाऊ गवंडी म्हणून घेतलं. वर्लीननं रताळ्याचं गोड करून साऱ्या गल्लीला वाटलं.

आता पुढचं ऐका. त्या कंत्राटदाराची शहरात चार सरकारी कामं चालू होती: हॉस्पिटलची नवी बाजू, कॉलेजची लायब्ररी, एक शाळा आणि नदीकाठची कचेरी. चारही ठिकाणी काळा गवंडी हवा. चार गवंडी घेतले असते तर काय बिघडलं असतं? आमच्या वस्तीत कसबी माणसांचा काय दुष्काळ होता? पण नाही. त्यांनी एक एल्बर्ट घेतला आणि एक व्हॅन घेतली. तपासनीस हॉस्पिटलवर येणार असं कळलं की एल्बर्टला तिथं उभं करायचं. तपासनीसाची गाडी फाटकाबाहेर पडली की मागच्या दारानं एल्बर्टला व्हॅनमध्ये घालायचं आणि लायब्ररीवर न्यायचं. तिथून शाळा, तिथून कचेरी. बांधकामावरची माणसं याला सायकल चालवणं म्हणत. सायकलीचं चाक कितीही फिरलं तरी माणूस तोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादमाला, मालकाला, युनियनला. तपासनीसाला ठाऊक नव्हतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तपासणी नसेल तेव्हा एल्बर्टच्या हातात खराटा. साहेब आला की खराटा काढून थापी द्यायची. तेवढ्या वेळात तो जो काही थर लावील तेवढंच त्याचं गवंडीकाम.

एकदा लायब्ररीवरून निघाल्यावर त्याला आठवलं की हातमोजे परांचीवरच राहिले. व्हॅन थांबवून तो परत वर गेला. तर त्यानं नुकत्याच लावलेल्या विटा दोन गोरे गवंडी उचकटून घमेल्यात टाकत होते. माल अजून ओला होता.

"वाकडी गेली का?" एल्बर्टनं विचारलं.

"वाकडी नाही रे," त्यातला एक म्हणाला. "पण तुझ्या थरावर आमची पोरं थर चढवत नाहीत. मनावर घेऊ नकोस. नेहमीचंच आहे."

नेहमीचंच! म्हणजे इतक्या दिवसांत त्यानं लावलेली एकही वीट कुठं उभी नव्हती. बापाला दाखवायची तर काय दाखवायची?

तो मुकादमाकडं गेला. मुकादमाचं नाव हॅन्लन. तोंडात साखर. म्हणाला, "एल्बर्ट, तू शहाणा माणूस आहेस. कळ काढ. तुझं कार्ड माझ्या डोक्यात आहे. वसंतात नक्की." असे किती वसंत गेले! एल्बर्ट कळ काढत राहिला, कारण बापाला भिंत नाही तर नाही, कार्ड तरी दाखवता येईल. आणि घरी, चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात तो गप्प राहिला. लोक म्हणायचे, "काल तुला शाळेच्या परांचीवर पाहिलं, शाब्बास!" दुसरा म्हणायचा, "अरे, शाळेवर कसा, मी हॉस्पिटलवर पाहिला. आपली बरीच पोरं लागलेली दिसतात आता!" एल्बर्ट नुसता हसायचा. हे त्याचं चुकलंच. मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण लाज माणसाची वाचा बसवते, त्याला तो तरी काय करणार?

त्या मासा-डब्याच्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून वर्लीननं हाक मारली. तसली हाक मी त्या घरातून कधी ऐकली नव्हती. धावत गेले. क्लीटसचे ओठ निळे पडले होते. डॉक्टर येऊन गेले आणि मान हलवून गेले. चर्चमधल्या मदर ओडेसा, ज्यांनी आमच्या वस्तीतली निम्मी माणसं उशाशी बसून शेवटच्या वाटेला लावलीत, त्या त्याचा हात धरून बसल्या होत्या.

"एल्बर्ट," क्लीटस म्हणाला. "पोराला बोलवा."

"आणते बाबा, आत्ता आणते," वर्लीन म्हणाली. "जवळच तर आहे, हॉस्पिटलवर."

मी माझी खटारा ब्यूइक गाडी काढली. हॉस्पिटलच्या फाटकावर वर्लीन उतरून पळतच आत गेली. एक मुकादम परांचीखाली उभा होता.

"एल्बर्ट मॅबरी? हो हो, आमचाच आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "पहिल्यापासून इथंच आहे. आत्ताच जरा सामान आणायला गेलाय."

"मी थांबते. त्याचे वडील जायला टेकलेत."

मुकादमानं इकडं तिकडं पाहिलं आणि तो आत निघून गेला. कोपऱ्यात आमच्यातला एक म्हातारा राडारोडा गोळा करत होता. तो जवळ आला आणि वर न बघता पुटपुटला, "पोरी, इथं थांबू नकोस. त्याला लायब्ररीवर नेलंय."

लायब्ररीवर दुसरा माणूस. "मॅबरी? आहे ना, इथंच असतो रोज. आमचा कायमचा गवंडी आहे तो."

"अहो, हॉस्पिटलवाले म्हणतात त्यांचा कायमचा आहे!"

त्या माणसानं फाटक पुढं ओढलं. मग म्हणाला, "बाई, मला काही विचारू नका."

गाडीत बसल्यावर वर्लीन मला म्हणाली, "मिस ओनिटा, हे काय चाललंय? माझा नवरा सगळीकडं आहे म्हणतात, मग तो आहे कुठं?"

मी गाडीला किल्ली मारली. शाळेवर गेलो. तिथंही तेच. "हो, मॅबरी आमच्याकडंच असतो." फक्त त्या क्षणी नव्हता. नदीकाठच्या कचेरीचा रस्ता मी कसा कापला ते देवाला माहीत.

तिथं तो होता. दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर, हातात थापी, पुढ्यात दोरी ताणलेली. खाली हॅन्लन आणि त्याच्या शेजारी टोपी घातलेला तपासनीस. वर्लीन फाटकातून आत घुसली तसा हॅन्लन आडवा आला.

"बाईसाहेब, दोन मिनिटं. साहेबांचं होऊ द्या, मग बोला हवं तेवढं."

"एल्बर्ट!" ती त्याच्या खांद्यावरून ओरडली. "एल्बर्ट, बाबा चाललेत! खाली ये!"

एल्बर्टनं पाहिलं. आधी तिच्याकडं, मग हॅन्लनकडं. हॅन्लन हळूच म्हणाला, "थर पुरा कर, मॅबरी. याच महिन्यात तुझं कार्ड."

आणि एल्बर्ट भिंतीकडं वळला. हो, वळला तो. त्यानं माल पसरला, वीट ठेवली, थापीच्या मुठीनं ठोकली. मग पुढची. मी खालून बघत होते, माझा जीव तुटत होता. कोपऱ्यापर्यंतच्या सगळ्या विटा लावून झाल्या तेव्हा तो शिडीवरून उतरला.

चारही फाटकांचा हिशेब आता वर्लीनच्या ध्यानात आला होता; ती तपासनीसापुढं जाऊन उभी राहिली. "साहेब, हाच माणूस तुम्ही आज हॉस्पिटलवर पाहिला. लायब्ररीवर पाहिला. शाळेवर पाहिला. याचं तोंड ओळखू येत नाही तुम्हाला?"

तो काही वाईट माणूस दिसत नव्हता. जरा ओशाळला. म्हणाला, "बाई, मी जातो तिथं, त्या वेळी जो कामावर दिसतो, त्याचीच नोंद करायची असा मला हुकूम आहे."

आम्ही घरी पोचलो तेव्हा मदर ओडेसांनी क्लीटसचे डोळे मिटवले होते. एल्बर्ट पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. बुटांवरचा, हातांवरचा सिमेंटचा माल अजून वाळला नव्हता.

"फार वाट पाहिली रे बाळा," मदर ओडेसा म्हणाल्या. "सारखा दाराकडं बघत होता. शेवटी मला म्हणाला, पोराला एवढं सांगा, भिंत नसली तरी चालेल."

एल्बर्टनं वर पाहिलं. "असं म्हणाले?"

"भिंत नसली तरी चालेल, म्हणाला. तू ये, म्हणाला."

म्हणजे म्हाताऱ्याला कळलं होतं. कधी, कसं, कोण जाणे. गवंड्याच्या हाताला खराट्याचे घट्टे पडलेत हे बापाच्या नजरेतून सुटत असेल का? कळूनही तो रोज भिंत मागत राहिला. पोरानं एकदा तरी तोंड उघडावं म्हणून असेल. आणि मी तुम्हाला सांगते, एल्बर्ट त्या दिवशी जसा रडला तसा पुरुष माणूस रडताना मी पाहिलेला नाही. "मी थर पुरा केला, बाबा," असं म्हणत तो छाती बडवत होता. "मी थर पुरा करत बसलो." वर्लीननं त्याला कुशीत घेतलं. तो थरही नंतर खरवडून टाकला असणार.

मयतानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. कोंबडी, कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव. आमच्याकडं दुःखात माणसं ताट भरभरून वाढतात. रेव्हरंड उभे राहिले. आवाज मोठा, मन चांगलं.

"आपल्या ब्रदर क्लीटसनं जन्मभर घमेली वाहिली," ते म्हणाले, "म्हणून आज हॉस्पिटलवर आपला गवंडी आहे! लायब्ररीवर आपला गवंडी आहे! शाळेवर, सरकारी कचेरीवर आपली पोरं भिंती चढवताहेत! म्हणा आमेन!"

"आमेन!" सगळं तळघर दणाणलं.

एल्बर्ट उठला. ताट बाजूला सारलं.

"आमेन म्हणू नका," तो म्हणाला. "तो मीच आहे."

लोकांना काही कळेना.

"हॉस्पिटलवरचा मी. लायब्ररीवरचा मी. शाळेवरचाही मीच आणि कचेरीवरचाही मीच. दुसरं कुणी नाही. मला व्हॅनमधून फिरवतात. मी लावलेल्या विटा माझ्या पाठीमागं काढून टाकतात. या शहरात माझी एक वीट उभी नाही, आणि मी तुम्हाला सगळ्यांना खोटं वाटू दिलं. माझ्या बापालाही."

मग काय गलका झाला! चर्चचा कारभार बघणारे एक डीकन पुटपुटले, "अरे, मयताच्या जेवणावर आज कशाला हे?" दुसरे म्हणाले, "एक जण तरी आत आहे, तोही घालवशील." मदर ओडेसा त्यांच्यावर कडाडल्या, "गप बसा! त्याच्या बापाचं प्रेत अजून गार मातीत नीट निजलं नाही!" लेम्युएल टॉलिव्हर म्हणून पलीकडच्या गल्लीतला एक पोलाद कारखान्यातला माणूस, नुकतीच नोकरी गेलेला, तो पुढं आला. त्यानं एल्बर्टला मिठी मारली. "खरं बोललास भावा. छातीचं काम केलंस," म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

सोमवारी एल्बर्ट कामावर गेला नाही. पायरीवर बसून होता. ऊन वर आल्यावर ती व्हॅन गल्लीत शिरली. स्वतः हॅन्लन आला होता. काच खाली करून म्हणाला, "बापाचं ऐकलं, वाईट वाटलं. चल, आज दोन तपासण्या आहेत."

"मी येत नाही."

"मॅबरी, कार्ड अगदी हाताशी आलंय. वेड्यासारखं करू नकोस."

"बांधायला लावता का भिंत? एकच. पायापासून कठड्यापर्यंत. मग येतो."

हॅन्लननं उसासा टाकला आणि काच वर केली. व्हॅन वळून पलीकडच्या गल्लीत गेली. हॉर्न वाजला, दोनदा. एल्बर्ट ताडकन उठून धावला, त्याच्या मागं वर्लीन, आणि केस सरळ करायची तापलेली फणी हातात तशीच घेऊन मीही.

लेम्युएल टॉलिव्हर कोट चढवत दारातून बाहेर येत होता. एल्बर्टनं त्याची बाही धरली.

"लेम, तू ऐकलंस ना सगळं? परवा तर माझ्या गळ्यात पडून रडलास!"

"रडलो. खरंच रडलो," लेम्युएल म्हणाला. "पण घरात खाणारी तोंडं आहेत, एल्बर्ट."

"अरे, तुला वीट कशी धरायची तेसुद्धा ठाऊक नाही!"

लेम्युएलनं खाली पाहिलं. "ते काल घरी येऊन म्हणाले, त्याची गरज नाही. नुसतं उभं राहायचंय."

त्यानं बाही सोडवून घेतली आणि तो आत बसला. त्याला मी काय शिव्या देऊ? माझ्याही ओठांवर आल्या होत्या. पण दारात त्याची बायको उभी होती, तिचं तोंड बघून त्या मी गिळल्या.

व्हॅन गेली. एल्बर्ट माझ्याकडं वळला. "मिस ओनिटा, गाडीत पेट्रोल आहे?"

"आहे. कशाला?"

"व्हॅन जाईल तिथं जायचंय. प्रत्येक फाटकावर. तपासनीस बाहेर आला की मी त्याला सांगणार, हा माणूस तुम्हाला पुढच्याही इमारतीवर दिसेल, आणि तिथं मीही दिसेन."

"ते तुला पोलिसांकडं देतील, बाबा."

"देऊ देत."

वर्लीन गाडीत पुढं जाऊन बसलीही होती.

हॉस्पिटलच्या फाटकावर आम्ही तिघं उभे राहिलो. पहिल्या मजल्यावर लेम्युएल दिसत होता. कुणीतरी त्याच्या हातात थापी दिली होती आणि त्यानं ती उलटी धरली होती. खालून ते आम्हाला दिसत होतं, मग साहेबांना दिसलं नसेल का? साहेब बाहेर आले. एल्बर्ट त्यांना जे सांगायचं ते शांतपणे, टोपी हातात घेऊन बोलला. साहेबांनी ऐकलं, एकदा वर परांचीकडं पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि ते गाडीत बसून लायब्ररीकडं निघाले.

आम्हीही निघालो.